चक रिकामा हाय का

आमच्या घरात शांतता झाली की समजायचं, काहीतरी बिघडलं. मुकुंदवाडीच्या स्टेशनाकडं जाणाऱ्या गल्लीत आमचं घर, आणि पुढच्या खोलीत, जिथं इतरांकडं सोफा आणि शोकेस असतं तिथं, दादांचं लेथ मशीन. दादा म्हणजे माझे वडील. सकाळी चहाचा कप खाली ठेवला की ते मेन स्विचचा दांडा वर करायचे, खट्ट, मग मोटार घुमायची, आणि मग दिवेलागणीपर्यंत लोखंड कापल्याचा तो कर्रर्र आवाज. पाहुण्यांच्या तो डोक्यात जायचा आणि आम्हाला ऐकूसुद्धा यायचा नाही. आई स्वयंपाकघरातून ओरडून बोलायची, दादा ओरडून उत्तर द्यायचे आणि मी दोघांवर ओरडायचे. आमच्याकडं फोन करणाऱ्याला वाटायचं, घरात भांडण पेटलंय. बऱ्याचदा पेटलेलंही असायचं. घरभर तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास, उंबऱ्यात लोखंडाच्या कुरळ्या कपच्या, अनवाणी चाललं की पायात घुसणाऱ्या. भाकरीच्या पिठातसुद्धा कधीमधी बारीक कीस सापडायचा. मी ताट सरकवलं की आई म्हणायची, "खा गपचिप. रक्त वाढतंय त्यानं."

माझं बी.एस्सी. झालं होतं, निकाल बरा लागला होता, आणि त्या निकालाचं आता लोणचं घालायचं का काय हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच. सकाळी उठावं, आईच्या हाताखाली येसराच्या आमटीला फोडणी द्यावी, कपडे वाळत घालावे, गच्चीवर जावं, स्टेशनात थांबून निघणारी पॅसेंजर बघावी, परत खाली यावं. पुस्तक उघडलं की चार ओळींत मिटायचं. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी लागलीय. एका जागी बूड टेकंल तर शपथ." तिचं खरं होतं. छातीत काहीतरी सारखं वळवळत असायचं, आणि ते काय आहे हे सांगता येत नाही म्हणून मी जास्तच चिडायचे. भांडी आदळायचे, दारं आपटायचे. दादा मशीन थांबवून फक्त बघायचे आणि पुन्हा चालू करायचे.

त्यातच मामा. दौलताबादेकडं मामाची सीताफळांची बाग होती. तो आला की त्याच्या एका हातात सीताफळांची करंडी आणि दुसऱ्या हातात माझ्यासाठी एखादं स्थळ असायचं. सीताफळं लई गोड असायची, म्हणून मी स्थळांची माहितीही ऐकून घ्यायचे. "पोरगा निर्व्यसनी हाय, एकुलता एक हाय, घरी दुभतं हाय," असं तो सुरू झाला की मी बिया मोजल्यासारख्या थुंकत बसायचे. मामा वाईट नव्हता हो. भाचीचं कुठंतरी सुखरूप लागावं एवढंच त्याच्या मनात. पण मला त्या 'लागावं' या शब्दाचाच राग यायचा. मी काय कलम होते?

गल्लीच्या तोंडाला रशीदचाचांचं सायबर कॅफे होतं. लाकडी फळ्यांची खुराडी, प्रत्येक खुराड्याला पडदा, आत कोण काय बघतंय ते अल्ला जाणे. चाचा मला आत जाऊ द्यायचे नाहीत. "बेटी, पीछू नक्को जा. मेरी नजर के सामने बैठ," म्हणून त्यांनी मला गल्ल्याशेजारची खुर्ची दिली होती. नोकरीचे अर्ज भरायला म्हणून मी जायचे. एकदा त्यांच्याकडच्या एका मशीनमध्ये व्हायरस शिरला आणि ते काही केल्या चालू होईना, तेव्हा चाचांनी खणातून एक सीडी काढली. कुठल्याशा मासिकासोबत फुकट आलेली. त्यावर लिनक्स होतं. आपण रोज बघतो ती चित्रं आणि बटणांची व्यवस्था जशी कॉम्प्युटर चालवते, तशीच ही दुसरी व्यवस्था, पण फुकट, आणि हुकूम लिहून चालणारी. चाचा म्हणाले, "हौ बेटी, डाल के देख. बिगड़ी हुई मशीन है, और क्या बिगड़ेगी?"

मी डालून बघितलं. पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली. ना चित्र, ना बटण. नुसती लुकलुकत राहिली, बोल, काय करू म्हणून. घरात मला असं कुणी विचारत नव्हतं. दोन शब्द लिहिले की ती मशीनमधल्या सगळ्या फायली दाखवायची, चार शब्द लिहिले की एका जागच्या दुसऱ्या जागी न्यायची, आणि चुकलं तर गोडगोड न बोलता सरळ सांगायची, असला हुकूम मला माहीत नाही. त्या दिवशी मी घरी जेवायला जायचं विसरले. आई शोधत आली, हाताला पीठ तसंच, आणि चाचांच्या दारातून ओरडली, "ज्वारीची भाकर वाळून फळी झाली, आन् ही इथं काळा पडदा बघत बसली!"

मग दादांनी एका कंपनीच्या भंगारातून लोखंडासोबत एक कॉम्प्युटर उचलून आणला. त्याचा पंखा लेथपेक्षा कमी आवाज करायचा, एवढंच त्याचं कौतुक. फोनच्या वायरीवरचं इंटरनेट घेतलं, आणि मी शिकायला लागले. कुठल्या वर्गात नाही, सगळं त्या वायरीतून. फुकटचे धडे होते, ते वाचायचे, करून बघायचे, मोडायचं, पुन्हा वाचायचं. जगभरातली माणसं एका ठिकाणी प्रश्न लिहायची आणि दुसरी कुणी उत्तरं द्यायची. त्यातल्या एकाला मी मनातल्या मनात मास्तर म्हणायचे. त्यांचं नाव, गाव, वय, बाई का माणूस, काही माहीत नाही, आजही नाही. पहिल्याच प्रश्नाला त्यांनी मला झापलं. आधी वाच, करून बघ, काय झालं ते नीट लिही, मग विचार. मी दोन दिवस फुरंगटून बसले. तिसऱ्या दिवशी वाचलं, करून बघितलं, नीट लिहिलं. उत्तर पानभर आलं. त्यातलं एक वाक्य मी अजून जपून आहे: काम मध्येच तुटलं तर घाबरून मशीन बंद-चालू करू नकोस, अर्धवट राहिलंय ते आधी पुरं कर.

घरातल्या लाइनीला व्होल्टेज नसायचं. मिक्सर लावला की माझा कॉम्प्युटर मान टाकायचा. बॅकअपची पेटी होती, पण तिची बॅटरी मेलेली, नुसती शोभेला. मी एकदा इतका थयथयाट केला, की दादा शिडीवर चढले आणि त्यांनी लेथच्या बोर्डावरून एक वायर भिंतीतून काढून माझ्या टेबलापर्यंत आणली. क्लिपा एका रेषेत ठोकल्या, वळण काटकोनात. "ही लाइन दमदार हाय," ते म्हणाले. "आता आदळआपट करू नको." बस्स, तेवढंच. माझ्या शिकण्याबद्दल त्यांनी तेव्हा दाखवलेली ही सगळ्यात मोठी माया. मी मात्र थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. आमच्यात म्हणत नसतात.

आता दादांची बोटं सांगितली पाहिजेत. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका पेरापाशीच संपलेली. मी लहान होते तेव्हाची गोष्ट. खंडेनवमीचा दिवस, दसऱ्याच्या आदला. त्या दिवशी आपल्याकडं हत्यारांची पूजा. दादा सकाळी लेथ पुसून, हळदीकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून मोकळे झाले होते, आणि एका कंपनीचा साहेब येऊन डोक्यावर बसला, आत्ताच्या आत्ता एवढा जॉब करून द्या म्हणून. दादांनी माळ काढली आणि दांडा वर केला. बोटं गेली. त्या वर्षापासून नवमीला पूजा झाली, नारळ फुटला, की दांडा खाली तो खाली, थेट दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत. कोण साहेब येवो, कोण मंत्री येवो. कुंकू अनामिकेनं लावायचं असतं म्हणून ते त्या अर्ध्या बोटानंच लावायचे, आणि त्यांना तसं लावताना बघितलं की आई दुसरीकडं बघायची.

त्या वर्षी श्रावणात मामानं जे स्थळ आणलं, ते मात्र सगळ्यांनाच पसंत पडलं. हर्सूलकडचे लोक, शेती, शिवाय पोराची पक्की नोकरी. पोरगाही बरा होता, खोटं कशाला बोलू. पण लग्नानंतर कॉम्प्युटर वगैरे कशाला, घरी काय कमी आहे, असं त्याची आई हसत हसत म्हणाली. मी दादांना म्हटलं, मला नोकरी लागू शकते. मामा हसला. दादा हसले नाहीत. मशीन पुसत पुसत म्हणाले, "दसऱ्याला ते लोक सोनं द्यायला येणार, तवाच शब्द द्यायचा. तवर तुपलं काय ते करून दाखव. नाय जमलं तर मामा म्हणतो तसं." हे न्यायाचं बोलणं होतं, म्हणूनच त्यावर ओरडता येईना.

मी अर्जांवर अर्ज पाठवले. शेवटी पुण्याच्या एका लहान कंपनीनं उत्तर दिलं. दुसऱ्यांच्या वेबसाइटी ज्या मशीनवर चालतात, ती मशीनं सांभाळायचं त्यांचं काम. ही मशीनं परदेशात कुठंतरी थंडगार खोल्यांत असतात, आणि त्यांना हात न लावता, घरबसल्या, हुकूम लिहून चालवायचं असतं. त्यांनी मला एक खरंखुरं मशीन नेमून दिलं. त्यावरची जुनी लिनक्स व्यवस्था काढून नवी चढवायची, वेबसाइटी जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत, संध्याकाळपर्यंत काम पुरं. झालं तर नोकरी. आणि दिवस कुठला दिला? खंडेनवमी. सुट्टीच्या दिवशी ऑफिसं बंद, वेबसाइटींकडं कुणी फिरकत नाही, म्हणून असली कामं सुट्टीलाच करतात. सगळ्या गावाची हत्यारं निजतात, तेव्हा आमची उठतात. पुढं वीस वर्षं माझा एकही सण धड गेलेला नाही, त्याची सुरुवात ही अशी.

त्या सकाळी घरात झेंडूचा घमघमाट सुटला होता. आईच्या घटाचं धान हिरवंगार वर आलेलं, शेजारी तिचा अखंड दिवा. नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही म्हणून ती गल्लीच्या पुढं कुठं जात नव्हती. तिचा उपास, तरी आमच्यासाठी तळण चाललेलं. मामा आदल्या दिवशीच येऊन बसला होता. दादांनी भल्या पहाटे लेथ रॉकेलनं पुसून आरसा केलं होतं. मी आतल्या खोलीत टेबलापाशी, पाठमोरी, गुडघे हलवत. काम सुरू केलं होतं. पडद्यावर ओळी पळत होत्या, तिकडं दूर जुनं निघत होतं आणि नवं चढत होतं. मला पाणी प्यावंसं वाटत नव्हतं, बसवत नव्हतं, उठवतही नव्हतं. आई कडाकणी घेऊन आली, मी तिच्यावर खेकसले. तिनं ती तशीच टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. बाहेर घंटा वाजली, आरती झाली, नारळ फुटल्याचा आवाज आला. आणि मग खट्ट.

पडदा काळा. पंखा घरंगळत थांबला. मोडेमचे दिवे गेले. दांडा खाली गेला होता, दरवर्षी जातो तसा, आणि माझी दमदार लाइन त्याच दांड्यावर होती. वायर दादांनी स्वतः ओढली होती, मी रोज तिच्यावर काम करत होते, आणि नवमीला ती बंद पडणार हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नव्हतं. माझी लाइन तुटली तशी तिकडची कामाची ओळही तुटली असणार. लाइन गेली तरी तिकडं काम चालू राहील अशी सोय करून मग हात घालायचा असतो. हल्लीच्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी शिकवते. मला तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं. ते मशीन आता अर्धं जुनं, अर्धं नवं, कुठल्या अवस्थेत पडलंय कोण जाणे.

मी पळत बाहेर आले. "दादा! वर करा! दांडा वर करा आधी!"

दादा हात जोडून उभे होते. दांड्यावर कुंकवाचा ओला टिळा, त्याला लाल दोरा बांधलेला. मामा खोबरं फोडत होता. तो म्हणाला, "आगं, देवाच्या दिवशी काय आरडायलीस? काय आभाळ कोसळलं?"

"माझं काम चालू होतं! त्याच लाइनीवर!" मी दांड्याकडं हात नेला.

"हात लावू नको," दादा म्हणाले. आवाज चढवला नाही, पण माझा हात तिथंच थांबला. त्यांचा तो अर्धा पंजा माझ्या मनगटावर होता, कुंकवानं लाल.

"दादा, संध्याकाळपर्यंत झालं नाही तर सगळं संपलं. कळतंय का? उद्या ते लोक येणार. तुम्हीच म्हणालात ना, करून दाखव? मी करत होते की! तुम्हीच तोडलं!" मला रडू फुटलं होतं, आणि रडू फुटलं म्हणून राग येत होता, दोन्ही एकदम.

मामा म्हणाला, "जाऊ द्या दाजी. देवाच्याच मनात नसंल. काय घडलं व्हतं त्या साली, इसरला का?" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात झारा, आणि ती दादांच्या बोटांकडं बघत होती. पहिल्यांदाच सरळ बघत होती. "नका करू वर," ती हळूच म्हणाली. "पोरीचं व्हईल काय व्हायचं ते. नका हात लावू त्याला."

मला वाटलं, संपलं. आईसुद्धा. दादांनी माझं मनगट सोडलं. भिंतीतून गेलेल्या त्या वायरीकडं बघितलं, क्लिपांच्या सरळ रेषेकडं. मग मला विचारलं, "काम कुठवर आलं व्हतं?"

"अर्ध्यात."

"अर्ध्यात म्हंजे कसं? नीट सांग."

मी नाक पुसलं. काय सांगू त्यांना? मग समोर लेथच होतं. "आटे पाडताना कसं," मी म्हटलं, "निम्मे आटे पडलेत, जॉब अजून चकातच आहे, टूल तसंच रुतलंय, आणि मोटार बंद झाली." चक म्हणजे लेथचा जबडा; जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडाचा तुकडा, त्यात घट्ट धरून फिरवतात. आमच्या घरात शेंबड्या पोरालाही हे माहीत.

दादांचा चेहरा बदलला. ते लेथकडं वळले, माळ घातलेल्या, चकचकीत चकाकडं. तो रिकामा होता. दर नवमीला आधी तो रिकामा करायचा, मगच हळदीकुंकू, हा त्यांच्या उस्तादानं घालून दिलेला रिवाज. ते एवढंच म्हणाले, "चकात जॉब ठेवून पूजा करत नसतेत."

"दाजी," मामा म्हणाला.

"नाय सुभाष. हे मशीन रिकामं केलं, ते इचारलंच नाय. चूक मपली हाय. अर्धा जॉब टांगून देवाला फुलं वाहिली म्यां." मामाचं नाव सुभाष. त्यांनी लाल दोरा सोडला, आईच्या हातात दिला. तिनं दोरा मुठीत आवळला, आणि झारा खाली पडला तरी उचलला नाही. दादांनी देवाला हात जोडले, अर्ध्या बोटाचा हात आधी धोतराला पुसला आणि दांडा वर केला. खट्ट.

मी धावत आत गेले. कॉम्प्युटर चालू व्हायला जन्म लागला. मोडेमचे दिवे एक एक करत आले. त्या दूरच्या मशीनला हाक मारली, ओ आली. जीव भांड्यात पडला, पण अर्धाच, कारण आत बघितलं तर सगळा पसारा. जुन्याचे तुकडे, नव्याचे तुकडे, कशाचा कशाला मेळ नाही. मास्तरांना विचारावं तर ते कधी उत्तर देतील काय भरवसा. मग त्यांचंच वाक्य आठवलं, अर्धवट आहे ते आधी पुरं कर. त्यासाठीचा हुकूम मला पाठ होता, पण तो खऱ्या मशीनवर मी कधी वापरला नव्हता. लिहिला. एक अक्षर चुकलं. पुन्हा लिहिला. ओळी पळायला लागल्या. मागं वळून बघितलं तर दादा दारात उभे, हात मागं बांधून, कारखान्यात नव्या कारागिराच्या मागं उभे राहतात तसे. त्यांच्या मागं मामा, खोबऱ्याची वाटी हातातच.

ऊन खिडकीतून टेबलावर आलं, टेबलावरून खाली उतरलं. कुणी जेवलं नाही. शेवटी सगळं चढलं, आणि आता ते मशीन एकदा बंद करून चालू करायचं राहिलं. समोरचं मशीन असतं तर बटण दाबलं असतं. हे सातासमुद्रापार. बंद केल्यावर उठलंच नाही तर मी इथून काय करणार? मी हुकूम लिहिला आणि बोट तसंच अधांतरी धरून बसले. दादा म्हणाले, "दाब की."

दाबलं. लाइन तुटली. मी हाका मारत राहिले. पडद्यावर ओळीमागून ओळ, उत्तर नाही, उत्तर नाही, उत्तर नाही. मी उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. दादा म्हणाले, "उठलं का?" मी म्हटलं, "नाही." मामानं विचारलं, "कोण उठायचंय?" आईनं त्याला गप्प केलं. ती घटापाशी बसली होती, दिव्यात तेल घालत. उत्तर नाही, उत्तर नाही. मला हर्सूलचं ते अंगण दिसायला लागलं, हसत बोलणारी ती सासू, आणि माझ्या तोंडात कडाकणी होती, कधी उचलली कुणास ठाऊक. आणि मग एक ओळ वेगळी आली. उत्तर आलं. वेबसाइटी एक एक करून उघडून बघितल्या, सगळ्या जागच्या जागी. मी खुर्चीत बसले आणि टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडले. दादांनी पाठीवर हात बित काही ठेवला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "हाय कुठं ते मशीन?"

"मला पण माहीत नाही. परदेशात."

"तिथं त्याला फूल कोन वाहणार," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी बाहेरून एक झेंडू आणला, माझ्या मोडेमवर ठेवला, अर्ध्या बोटानं त्याला कुंकू लावलं. मग पुढच्या खोलीत जाऊन दांड्याला हात घातला, आणि तिथूनच ओरडून विचारलं, लेथ चालू असताना ओरडायचे तसं. "रेखे! चक रिकामा हाय का?"

"रिकामा आहे!" मी ओरडले. खट्ट. दांडा खाली गेला.

दसऱ्याला हर्सूलची मंडळी आली. दादांनी त्यांना आपट्याची पानं दिली, पुरणपोळी वाढली आणि म्हणाले, पोरगी पुण्याला नोकरीला चालली, तुमचा खोळंबा करत नाही. मामा महिनाभर रुसला. तरी पुढच्या वर्षी सीताफळांची करंडी माझ्या पुण्याच्या खोलीवर पोचवायला तोच आला.

मग दरवर्षी नवमीला दादांचा फोन यायचा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "चक रिकामा हाय का?" मी म्हणायचे हो, आणि फोनमधून खट्ट ऐकू यायचं. हाताखाली पोरं-पोरी आल्या, मोजता येणार नाहीत इतकी मशीनं आली, आणि मी सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकाला तेच विचारते. त्यांना वाटतं, हा आमच्या धंद्यातलाच कुठलातरी शब्द आहे.

गेली दोन-तीन वर्षं फोन येत नाही. दादांना आता आठवत नाही. मला ते कधी त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारतात, कधी हाकच मारत नाहीत. लेथ बंद आहे, पण विकायचा विषय काढला की ते कासावीस होतात, म्हणून आई तेलपाणी करून ठेवते. यंदा मी नवमीला घरी गेले. लॅपटॉप घेऊन, कारण काम सुटत नाही, सण असो नसो. आता माझ्या कामाचा आणि त्या दांड्याचा काडीचा संबंध नाही. बॅटरीवर चालतं, इंटरनेट फोनवरून. आईनं पूजा मांडली. दादांना खुर्चीतून उठवून दांड्यापाशी नेलं, त्यांचा हात धरून दांड्यावर ठेवला. "ओढा आता खाली," ती म्हणाली.

ते ओढेनात. आईनं पुन्हा सांगितलं. ते तसेच उभे, मान वळवून खोलीभर काहीतरी शोधत, आणि त्यांची नजर आतल्या खोलीत माझ्यावर येऊन थांबली. माझं नाव त्यांना आलं नाही. ओठ हलले, पुन्हा हलले. मग म्हणाले, "चक... रिकामा हाय का?"

"थांबा दादा," मी ओरडले. "जॉब आहे अजून!"

"मग व्हऊ दे," ते म्हणाले, आणि थांबले. दांड्यावर हात, अर्ध्या बोटावर कुंकू, नजर माझ्याकडं. आई म्हणाली, "आगं, त्यांचे पाय दुखतेत, उरक लवकर." आयुष्यभर मला कधीच दम निघाला नाही, एक काम संपलं नाही की दुसऱ्यात हात. माझं काम तर केव्हाच संपलं होतं. मी आणखी थोडा वेळ नुसतीच बटणं वाजवत बसले.